दगडी नांगर आणि दिनानाथची चढाई

मी एक जुना दगडी नांगर आहे. दोन मण वजनाचा, मधोमध भोक पाडलेला. पनवेलच्या खाडीत मी कितीतरी वर्षं होडी धरून ठेवली. वादळातही तिला जागची हलू दिली नाही, याचा मला भारी ताठा होता. पुढे लोखंडी नांगर आला आणि मी काठावर पडून राहिलो.

एकोणीसशे बावन्न साली तुळशीराम वस्तादाने मला तालमीत आणलं. मित्रांनो, मिठागरात राबणाऱ्या गावच्या पोरांना तो हुतूतूसाठी तयार करत असे. शिमग्याच्या सामन्यात शेजारच्या गव्हाण गावच्या गड्यांनी आम्हाला सलग तीन वर्षं धूळ चारली होती. दरवेळी शेवटी शेवटी आमच्या पोरांचा दम तुटायचा. वस्तादाला वाटे, ताकद कमी पडते. मग रोज संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन प्रत्येकाने दहा फेऱ्या! पोरं घामाघूम होत आणि कौतुक माझं होई. मी खूश होतो.

सामन्याला आठ दिवस उरले असताना सगळ्यांत दांडग्या दिनानाथच्या हातून मी निसटलो. त्याचा पाय थोडक्यात वाचला. हे कळताच त्याची आई गुणाबाई तरातरा तालमीत आली.

"सारा दिस आगरान मीठ वाहिलाय त्यानं! आजून ह्यो धोंडा कशाला? वस्ताद, त्यो माणूस हाय, गाडा नाय."

वस्ताद हट्टी खरा, पण खुळा नव्हता. दिवसभर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहणं हाच केवढा व्यायाम, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलो, गुणाबाय," तो म्हणाला. "पोरांनो, आठ दिस नांगराला हात लावायचा नाय. जेवा नि निजा."

माझं नाक कापल्यासारखं झालं.

सामन्याच्या दिवशी मांडवाची दोरी माझ्याशी बांधली होती, म्हणून मला सारं दिसलं. शेवटची चढाई, दोन्ही बाजू बरोबरीत. दिनानाथ आत शिरला आणि गव्हाणच्या चार गड्यांनी त्याला धरलं. संपलं, असं मला वाटलं. एकदा धरलेलं सुटत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पण त्याचं 'हुतूतू' थांबेचना. चौघांना ओढत, इंच इंच सरकत तो मधल्या रेघेपर्यंत आला, त्याने बोटं टेकवली आणि सामना आमचा झाला. मी थक्क झालो. असलं बळ मी खाडीच्या उधाणातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमळाकर नावाचा गडी उत्साहाने मला उचलायला धावला, तर वस्ताद माझ्यावरच ठाण मांडून बसला.

"आज नाय. आज निजा."

मित्रांनो, मला जरूर उचला. पण दमून आलेल्या सोबत्याला आधी झोपू द्या. मी दगड आहे, मी उद्याही इथेच असेन.