सतराव्या पानावरची खाडाखोड

किशनरावांनी चौतीस वर्षं बसडेपोत कंडक्टरांचे कागद तपासले होते. त्यामुळे माणूस समोर आला की त्याचे नाक-डोळे दिसण्याआधी त्यांना त्याची बेरीज कुठे चुकली ते दिसायचं. नल्लकुंट्याच्या त्यांच्या गल्लीत पेन्शनर भरपूर. कुणी साखर मोजत होतं, कुणी पावलं मोजत होतं, आणि दोघेजण अमेरिकेत नातवंडं सांभाळायला जाऊन थंडीनं आणि सुनेनं गारठून परत आले होते. सगळ्यांची नोंद किशनरावांच्या डोक्यात पक्की होती. एक बायकोच कुठल्या रकान्यात बसेना.

कुसुमताई सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाल्या, वर्षभर घर आवरलं, आणि साठाव्या वर्षी एका सकाळी जाहीर केलं, "उद्यापासून मी लिहायला बसणार. सात ते दोन. मॉर्निंग ड्यूटी."

"काय लिहिणार?"

"गोष्टी."

किशनरावांना वाटलं, आठ दिवसांचं येड आहे. पण बाई खरंच सातला बसल्या. साडीला उलटं घड्याळ टाचलेलं, पुढ्यात जाड रजिस्टर. मध्ये चहा मागायची सोय नाही. दोनला उठताना त्या पानाच्या तळाशी उद्याच्या कुसुमसाठी चार ओळी लिहून ठेवायच्या, जशा पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरसाठी लिहायच्या: म्हातारी अजून बोललेली नाही, लक्ष ठेवणे. दिराचं काय करायचं ते बघणे.

"सिस्टर, पेशंट कसाय?" किशनराव जेवताना विचारायचे.

"सलाईनवर आहे. नातेवाइकांनी गर्दी करू नये."

मुलगा रवी गच्चीबावलीहून फोनवर हसला. "मम्मी, मोबाईलला सांग ना, दोन मिनिटांत गोष्ट लिहून देतो तो."

"बायकोच्या वेळेला नऊ महिने थांबलास की रे," कुसुमताई म्हणाल्या. "तेव्हा नाही सांगितलंस मोबाईलला."

गोष्टी जात होत्या आणि परत येत होत्या. बऱ्याच तर परतही येत नव्हत्या. पहिल्या गोष्टी किशनरावांनी वाचल्या होत्या. त्यांत माणसं मरायची, पण वेळेची नोंद चोख असायची. "गोष्ट नाही, रिपोर्ट आहे हा," ते म्हणाले. दुसरी एखादी रुसली असती. या बाईनं पिशवी उचलली, अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत मराठीचं कपाट गाठलं आणि जुन्या दिवाळी अंकांतल्या गोष्टी हातानं उतरवून काढायला सुरुवात केली. "कुठं टाका घातलाय ते बघायलेय," म्हणाल्या. तीन वर्षं. अकरा गोष्टी. एकही छापून नाही. किशनरावांनी आयुष्यात एवढ्या तोट्यातला रूट एवढ्या नेमानं चालताना पाहिला नव्हता. पण त्यांनी हेही पाहिलं होतं, की सातव्या गोष्टीत घड्याळ गेलं आणि दहावीत माणसं खोटं बोलायला लागली.

बारावी गोष्ट होती 'नऊ नंबरची खाट'. बाळंतिणींचा वॉर्ड. सखू नावाची एक कोवळी पोर दीड दिवस कळा देत ओरडतेय. वैतागलेली हेड सिस्टर तिच्या थोबाडीत मारते, आणि गोष्ट सांगणारी तरुण नर्स मध्ये पडून सिस्टरचा हात धरते. ती वाचून किशनराव उठले आणि उगीचच बाहेरच्या कुंड्यांना पाणी घालून आले. सकाळी एकदा घातलं होतं तरी.

"दे, टाईप करून देतो," ते म्हणाले.

"नको. रिपोर्ट दुसऱ्याच्या हातचा नसतो. उतरवलेला तर नसतोच."

हा दवाखान्याचा कायदा. रजिस्टरचं पान फाडायचं नाही. ओळ चुकली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही-तारीख. कुसुमताईंनी गोष्ट तशीच्या तशी, रेघांसकट, सह्यांसकट, झेरॉक्स काढून स्पीड पोस्टानं लातूरच्या एका लहानशा दिवाळी अंकाला धाडली. त्यात काही चुकलं असं किशनरावांनाही वाटलं नाही. डेपोतही हाच कायदा होता.

सोमवारी दुपारी संपादकांचा फोन आला. मुकुंदराव नाव, आवाज वयस्कर. कुसुमताईंनी स्पीकर लावला.

"ताई, कथा घेतोय. फार चांगली उतरलीय." मग जरा थांबून, "एक विचारू? सतराव्या पानावर तुम्ही अकरा ठिकाणी खोडलंय. खालचं स्वच्छ वाचता येतं."

"वाचता यायलाच पाहिजे," कुसुमताई म्हणाल्या. "नियम आहे."

"तिथं आधी 'मी' होतं. मी हात उचलला, मी मारली. मग सगळीकडे खोडून 'हेड सिस्टर' केलंय." फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. "आहे तशी छापायला माझी ना नाही. पण ताई, खोडलेलं पान जास्त खरं आहे. तुम्ही ठरवा. गुरुवारी अंक छपाईला जातो."

फोन बंद झाला. बाराव्या गोष्टीला पहिला होकार आलेला, आणि घरात कुणी पेढ्याचं नाव काढेना.

"गोष्टीतली 'मी' म्हणजे आपण नसतो ना?" किशनरावांनी विचारलं.

"नसते. ही आहे."

"तू मारली होतीस?"

"हौ. तीन रात्री लागोपाठ ड्यूटी होती. पण ते कारण नाही. तेव्हा सगळ्याच मारायच्या. मीही मारली. ही सखू म्हणजे दिलसुखनगरची आपली सखूच."

किशनरावांच्या डोळ्यांपुढे सखूबाई आल्या. देगलूरकडच्या, कोचिंगच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या. विहारात भेटल्या की सात मजली हसणाऱ्या. या दोघींना एकमेकींशी 'जयभीम'च्या पुढे बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आजवर ही गोष्ट त्यांनी तपासली नाही म्हणजे कमालच होती.

मग त्यांनी वकिली सुरू केली. "हेड सिस्टर जाऊन वीस वर्षं झाली. तिला काय फरक पडतो?"

"तिनं जन्मात कुणाला बोट लावलं नव्हतं. माझी थप्पड तिच्या नावावर चढवू?"

"मग टोपणनाव घे."

"तीन वर्षं बसले ती काय दुसऱ्याचं नाव छापायला?"

"अगं, खाली पद्मावतीबाईंची तेजश्री पुढच्या महिन्यात बाळंत होणार. ह्या गल्लीत कुणाची लेक दवाखान्यात निघाली की आधी तुला हाक येते. कुसुमताई सोबत असली की पोरी घाबरत नाहीत म्हणतात. हे छापून आलं तर कोण बोलावील तुला?"

घाव बरोबर बसला होता. ड्यूटी संपून चार वर्षं झाली तरी या बाईला पगार मिळत होता तो हाच, हे किशनरावांना ठाऊक होतं.

"एक विचारतो," ते हळू आवाजात म्हणाले. "खोडायचंच होतं, तर गिचमीड करून खोडता आलं असतं. कुणी वाचलंच नसतं."

"नियम आहे," कुसुमताई म्हणाल्या, पण नजर देईनात. किशनराव जे समजायचं ते समजले. चौतीस वर्षांत पकडल्यावर कबूल झालेले कंडक्टर त्यांनी पोत्यानं पाहिले होते. आपण होऊन कागद पुढे सरकवणारा एकही नाही.

"आधी सखूला विचारते," त्या उठल्या. "गाल तिचा आहे."

मंगळवारी दोघं बसनं दिलसुखनगरला गेले. कोचिंगच्या पाट्यांच्या जंगलात, एका जिन्याखाली सखूबाईंची खानावळ. दुपारची पंगत उठली होती. सखूबाई खाली बसून रात्रीच्यासाठी वांगी चिरत होत्या.

"या दाजी! आज रस्ता चुकलात काय? ताई, तू पण? बसा, पप्पू-भात राहिलाय, डाळ गरम आहे अजून, वाढते."

"जेवण नको," कुसुमताई म्हणाल्या. "तुला एक वाचून दाखवायचंय. ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

त्यांनी सुरुवातीपासून वाचलं. आवाज सपाट, जसा वॉर्डात रिपोर्ट वाचतात. सतरावं पान आलं तेव्हा त्यांनी खोडलेलं वाचलं. मी हात उचलला. मी मारली. सखूबाईंची विळी थांबली. किशनराव भिंतीवरच्या गॅसवाल्याच्या कॅलेंडरात तारखा वाचत राहिले.

वाचून झालं. बाहेर कुठल्यातरी वर्गात माईकवर फिजिक्स चाललं होतं.

"डाव्या गालावर," सखूबाई म्हणाल्या.

"हौ."

"मला वाटलं, तू विसरलीस. विहारात भेटली की असं हसायचीस, जशी काही... मला वाटायचं, हिला कशाला आठवेल, हिनं रोज धा मारल्या असतील."

"अजून मारल्या होत्या. तुझ्यानंतर नाही."

सखूबाईंनी एक वांगं उचललं, ठेवलं. "आणि मी चावले, ते कामून नाही लिहिलं?"

किशनरावांनी कॅलेंडर सोडलं.

"तू मारलीस, तवा मी तुझ्या मनगटाला कडकडून चावले. रक्त काढलं होतं. विसरलीस?"

"नाही विसरले. लिहिलं असतं तर लोकांना वाटलं असतं, ही चावली म्हणून मी मारली. मी माझी बाजू मांडायलेय असं झालं असतं."

"आधी-नंतरचं बरोबर लिही ना मग! आधी तू मारलीस, नंतर मी चावले. तुझ्या गोष्टीत मी पहिल्या पानापासून नुसती रडायलेय. सखू रडली, सखू कण्हली, सखूनं डोळे पुसले. मी काय गाय होते? अठरा वर्षांची होते, पण गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नव्हतं. ही नवी कोण घुसवलीस तू माझ्या नावानं?"

कुसुमताईंनी पिशवीतून पेन काढलं. किशनराव हे कधी विसरले नाहीत. समोर जिला मारलं ती बाई, आणि ही तिचं बोलणं उतरवून घेतेय, तीन वर्षांपूर्वी लायब्ररीत दुसऱ्यांच्या गोष्टी उतरवायची त्याच एकचित्तानं. लाज होतीच, कान लाल झाले होते. पण लाजेनं हात थांबला नव्हता.

"नाव बदलू?" लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"कामून? चोरी केलीय काय मी?" सखूबाईंनी विळी पुन्हा पायाखाली घेतली. "आणि ऐक ताई. माफ-बिफ काही नाही. ते मागू नको, माझ्याजवळ नाही. पण लिही. नीट लिही. आमच्या पोरींच्या पोरी बाळंत होऊ लागल्यात आता."

बुधवारी सातला ड्यूटी सुरू झाली. साडेअकराला कुसुमताईंनी रजिस्टर किशनरावांपुढे ठेवलं. पोस्टानं पोचणार नव्हतं, म्हणून कायदा मोडून टाईप करायची परवानगी मिळाली होती. रवीच्या जुन्या लॅपटॉपवर किशनराव दोन बोटांनी मराठी बडवायला लागले.

गोष्ट बदलली होती. सखू आता कळांच्या मध्ये शेजारच्या खाटेवरच्या सासूला सुनावत होती, डॉक्टरला नावं ठेवत होती, आणि एकदा तर किशनराव फसकन हसले. त्यामुळे सतरावं पान आलं तेव्हा ती थप्पड आधीपेक्षा जोरात बसली. एवढ्या जित्या पोरीला मारलं होतं. नर्स मध्ये पडून हात धरते तो भाग गेला होता. त्याच्या जागी चावा होता, आणि चाव्यानंतर दोघी एकमेकींकडे बघतात, तेवढंच. किशनरावांना कळलं, की आपली बायको आता लेखिका आहे. ही नोंद करताना त्यांनी कुठेही पेन्सिल वापरली नाही.

टायपिंग संपायला अडीच वाजले. मेलवर मुकुंदरावांचा पत्ता घालून ते बायकोकडे वळणार, तेवढ्यात दार वाजलं. पद्मावतीबाई, हातात डबा.

"कुसुमताई, डॉक्टरनं तारीख दिली हो. चौदा. तुम्ही सोबत येणार ना? तेजश्री म्हणते, ताई असतील तरच."

किशनरावांनी बायकोकडे पाहिलं. हो म्हण, असं ते मनात म्हणाले. अंक निघायला महिना आहे. तोवर पोर बाळंत होऊन घरी येईल.

"बसा," कुसुमताई म्हणाल्या. "आधी हे वाचा. मग सांगा."

पद्मावतीबाईंना चष्मा लागला. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्या ओठ हलवत वाचत होत्या. मध्ये सखूच्या बोलण्यावर हसल्या. मग हसणं थांबलं. बोटानं पडदा मागे सरकवून त्यांनी तेवढंच पुन्हा वाचलं. चावा आला तेव्हा त्यांचा स्वतःचा हात नकळत स्वतःच्या मनगटावर गेला.

"हे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी."

पद्मावतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, बराच वेळ पुसला. "माझ्या वेळेलाही," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तेजश्रीला विचारून सांगते, ताई. तिला मराठी वाचता येत नाही नीट. वाचून दाखवावं लागेल मलाच."

"दाखवा. नको म्हणाली तरी चालेल. मी रागावणार नाही."

डबा टेबलावर ठेवून त्या खाली गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं एका पायरीवर थांबली, मग पुन्हा उतरू लागली.

किशनरावांचा हात अजून लॅपटॉपजवळच होता. गल्लीतली सगळी बाळंतपणं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, ती पोरींची तोंडं, हिचा हात धरून रिक्षात बसणारी. हिला आत्ता नको म्हणायचं असेल तर ते एक अक्षर बोलणार नव्हते. जन्मभर बोलणार नव्हते.

"काय बघायलात?" कुसुमताई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज वॉर्डातला होता. "पाठवा."

किशनरावांनी पाठवलं.