पूजेला लागलेली चित्रवही

मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे. माझी ऐंशी पानं. त्यातली एकेचाळीस भरली आणि मग मी थांबले. का थांबले, ते सांगते. हल्ली लवकर दमते, तेव्हा सावकाश ऐका.

शहरातल्या रविवार कारंजावरच्या दुकानातून मला सुवर्णाने आणलं. ती तेव्हा सातवीत होती. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा. चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं होतं, "रोज एक चित्र. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही." शाळेतून आली की ती बांधावर बसे आणि समोर दिसेल ते काढी: फुलांचे क्रेट, फवारणीचा पंप, फुलं खुडून काळी पडलेली आईची बोटं.

सुरुवातीची चित्रं पाहून तिचे आजोबा, गोटीरामआबा, विचारत, "हे कुत्रं हाय का बकरू?"

"कुत्रं आहे आबा. बसलंय."

"मंग बकरूच बसलंय."

ती हसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुत्रंच काढी. महिन्याभरात आबांनी विचारायचं सोडलं.

मग शाळेत प्रदर्शन भरलं. आईच्या बोटांच्या चित्रापुढे पाहुणे बराच वेळ उभे राहिले. आबांची छाती फुगली. त्या दसऱ्याला त्यांनी विळा-खुरप्यांशेजारी पाटावर मलाही मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा पेन्सिल घेऊन आली, तर आबा म्हणाले, "आता तिच्यात गिरगोट्या नको. पूजेला लागली ती. पाव्हण्यांना दाखवू."

"मग मी कशात काढू?"

"दुसरी आणू की."

दुसरी आली नाही. खरं सांगू? सुवर्णानेही ती मागितली नाही. कौतुकानंतर तिचा हात बिचकू लागला होता. पुढचं चित्र बिघडलं तर लोक काय म्हणतील?

दोन वर्षं मी लोखंडी कपाटात काढली, साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पाहुणे आले की बाहेर यायचं, तीन पानं दाखवायची, पुन्हा आत. कोणी रागावलं नाही, कोणी टाकून दिलं नाही. तरी पडून राहण्याचा इतका शीण येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

यंदा आबांच्या थोरल्या बहीण, धोंडाबाई, आल्या. त्यांनी तीन पानांवर भागवलं नाही. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं आणि बेचाळिसाव्यावर थांबल्या.

"पुढं कोरीच की रे. हात मोडला का पोरीचा?"

"पूजेची हाय ती, अक्का," आबा म्हणाले.

"विळा पूजला म्हणून कापणी थांबवतो व्हय तू? दुसऱ्या दिशी त्योच विळा घेऊन वावरात जातोस ना?"

आबांनी मला उचलून सुवर्णाच्या मांडीवर ठेवलं. "काढ," एवढंच म्हणाले.

तिने चहा पिणाऱ्या धोंडाबाईंना काढायला घेतलं. हात अवघडला होता. बशी तिरकी झाली, नाक भलतीकडे गेलं. ती पानाचा कोपरा धरून बसली. मला वाटलं, आता फाडणार, आणि पुन्हा कपाट.

धोंडाबाई वाकून बघत म्हणाल्या, "ही कोण म्हणायची?"

"तुम्ही, आजी."

"लय खाष्ट दिसतीया. बरोबर हाय."

सुवर्णाला हसू आलं. तिने कोपरा सोडला आणि पान उलटलं. आता आजींसाठी डबा भरत बसलेल्या आईला चित्रात पकडायचं होतं. ती उठायच्या आत.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी छान वही असेल, खराब होईल म्हणून ठेवून दिलेली. तिला बाहेर काढा. वाकडं येईल, येऊ द्या. उद्याचं पान आहेच. त्या दिवसापासून रोज एक पान भरतंय; आज माझी नऊ उरली आहेत. कडा उसवल्यात, पाठीवर चहाचा डाग पडलाय. नऊ दिवसांनी मी संपेन. मला घाई नाही, पण एकही दिवस चुकवू नकोस, असं सुवर्णाला सांगा.