येऊ का?

ऊसतोडीला निघायच्या दिवशी लेकराला कसं चकवायचं, याची आमच्याकडं घरोघरी आपापली रीत असते. कुणी पोराला बिस्किटाच्या पुड्यासाठी दुकानात धाडतं. कुणी झोपेतच ठेवून पाय न वाजवता निघतं. कुणी आधीच मामाच्या गावाला पोचवून येतं. रडारड नको, एवढाच हेतू. गाडीत बसणाऱ्या आईचं काळीज थोडं तरी शाबूत राहावं आणि मागं राहणाऱ्या आजीचे हात लेकरू ओढून धरताना गळू नयेत. वाईट कुणाच्या मनात नसतं.

छबुबाईच्या घरी मागच्या साली लपाछपी ठरली.

संस्कृती तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती आणि हा खेळ तिला नुकताच कळायला लागला होता. तलवाड्याच्या अलीकडची त्यांची वस्ती म्हणजे दहा-बारा घरं, मधे एक लिंब. घरापुढं ट्रक उभा होता. गोधड्या, भांडी, पत्र्याची पेटी, सगळं त्यात चढलं होतं. छबुबाई नातीला जवळ घेऊन म्हणाली, "बाय, आज आयसंग खेळायचं. भितीकडं तोंड कर. डोळे झाक. आय लपंल."

पोरगी हरखलीच. चार दिवस नुसती बांधाबांध करणारी आई आज खेळायला आली होती. तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले, कपाळ भिंतीला टेकवलं आणि तिला येत होते तेवढे आकडे म्हणाली, "एक, दोन, चार, धा. येऊ का?"

"थांब, न्हाई लपले आजून," तिची आई मनिषा दारातून म्हणाली.

"येऊ का?"

"थांब गं जरा," हे तिनं अंगणातून म्हटलं. मग राधाकिशननं, तिच्या नवऱ्यानं, हाताला धरून तिला वर ओढून घेतलं आणि गाडी सुरू झाली. वळणापर्यंत मनिषाला ते "येऊ का?" ऐकू येत राहिलं. खरंच येत होतं की कानात राहिलं होतं, ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"रडली न्हाई बघ," राधाकिशन म्हणाला. "शानी हाय पोरगी."

संगं न्यायला काय झालं होतं, असं विचारणारे विचारतात. दोन वर्षांची असताना नेलीच होती. फडात पाचटावर झोपवायची आणि ऊस तोडता तोडता सारखं मागं बघायचं. त्याच साली शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या लेकराचं ट्रॅक्टरखाली जे झालं, ते मनिषानं डोळ्यांनी बघितलं होतं. लेकरू परत फडात आणायचं नाही, असं तेव्हा तिनंच ठरवलं. आणि आपण एकटीनं घरी राहावं म्हटलं तर तेही चालत नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता कुठलाही मुकादम गाडीत घेत नाही.

पुढचं मनिषाला फोनवर कळलं. संस्कृती हुडकत राहिली होती. धान्याच्या कणगीत, चुलीमागं, गोधड्यांच्या घडीत, मांजर मावणार नाही अशा जागीसुद्धा. आजीनं शेवटी सांगून टाकलं, "आय गेली बाय गाडीत." तर म्हणाली, "न्हाई. ती लपलीया." फोनवर बोलायला मात्र ती कधी आली नाही.

चैत सरता सरता मनिषा परत आली. येताना तिकडच्या बाजारातनं पोट दाबलं की गाणारी बाहुली आणली होती. छबुबाईनं ती पिशवीतनं न काढताच खिळ्याला अडकवली. मळंल म्हणून. आमच्याकडं चांगलं खेळणं हे बघायचं असतं, खेळायचं नसतं.

संस्कृतीला बाहुलीशी काही घेणं नव्हतं. ती आईच्या मागं लागली. आई पाण्याला गेली की पाण्याला, आई परसाकडंला गेली की बाहेर उभी. जेवताना आईच्या पदराचं टोक मांडीखाली धरून बसायची. झोपताना मूठभर केस आईचे, मूठ तिची.

बाया म्हणायच्या, "किती मायेची पोर गं!" मनिषालाही सुरुवातीला बरंच वाटलं. सहा महिने दूर राहून लेकरू विसरलं नाही, उलट चिकटलं. देव पावला म्हणायचा.

शाळा उघडायच्या सुमाराला अंगणवाडीच्या सायराताईनं तिला दारात थांबवलं. "मनिषाताई, तुमची पोरगी खेळत न्हाई."

"लहान हाय आजून."

"लहान हाय म्हनूनच खेळाया पायजे. ती उंबऱ्यात बसती, रस्त्याकडं तोंड करून. पाठीमागं पोरं नाचू देत न्हाई तर भांडू देत, ही वळून बघत न्हाई."

"मायेची हाय लई," मनिषा हसून म्हणाली. "मला सोडतच न्हाई."

सायराताईनं हातातली मण्यांची माळ गुंडाळली. "राग मानू नका. माया न्हाई ती, पहारा हाय. लेकराची खातरी असली ना, की आय मागंच हाय, तर ते आयकडं पाठ करून खेळतं. तुमच्या पोरीला पाठ करायची भीती वाटती."

मनिषा पोरीला घेऊन निघाली. घरी येताना तिनं मागं वळून बघितलं, तर संस्कृती तिच्या सावलीवर पाय देत चालत होती. खेळ म्हणून नव्हे. सावली सुटू नये म्हणून.

आठवड्यानं पालकसभा झाली. सायराताईनं सरकारनं दिलेली खेळणी सतरंजीवर मांडली होती. लाकडी ठोकळे, मणी, प्लास्टिकची चूल. बाया ती उचलून बघत होत्या आणि किंमत किती असेल, त्यावर भांडत होत्या.

"हे घेऊन द्या आसं मी म्हनत न्हाई," सायराताई म्हणाली. "खापरी चालती, चिंध्या चालत्यात. पन पोरासंग बसा. मोबाईल देऊन मोकळं व्हऊ नका."

"ताई, मोबाईल दिला न्हाई तर माजं पोरगं भाकर करू देत न्हाई," मागून एक बाई ओरडली. "तुमी येता का थापायला?"

"येते की. पीठ मळून ठिवा."

सगळ्या हसल्या. मग सायराताई लपाछपीवर आली. "ह्या खेळाला काय लागत न्हाई. आन ह्याच्यातनंच पोराला कळतं की दिसेनासं झालेलं मानूस परत दिसतं. म्हनून तर त्यास्नी त्यो इतका आवडतोय."

छबुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मनिषा समोरच्या ठोकळ्यांकडं बघत राहिली.

"आन कारखान्याला जाताना सांगून जा, बायांनो. चोरून जाऊ नका."

"सांगून?" छबुबाई एकदम बोलली. "तुमाला बोलाया काय जातंय ताई! पोरगं चाकाला मिठी मारतंय. ते रडू नये म्हनून तर आमी जीव जाळतो."

"मावशी, मी काय शानी न्हाई. ट्रेनिंगला सांगितलं ते सांगते. रडू द्या त्याला."

"ट्रेनिंगवाल्याला म्हनावं, एकदा ये आमच्या दारात," छबुबाई म्हणाली. त्यावर पुन्हा सगळ्या हसल्या. तिचे डोळे मात्र भरले होते. पोर सबंध दिवस कणगीत डोकं घालून बघताना तिनंच बघितली होती. मनिषानं फक्त ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मनिषानं रोज भाकरी झाल्या की डाव स्वतःवर घ्यायला सुरुवात केली. ती लिंबाला डोकं टेकवून डोळे झाकायची. "लप बाय."

संस्कृती लपायची ती आईच्या पाठीमागं, लुगडं धरून.

"येऊ का?"

"ये," असं पाठीला चिकटूनच उत्तर यायचं. मग मनिषा अंगणभर शोधायची आणि पोरगी तिच्या मागं मागं फिरायची. शेजारचा सटवा म्हातारा बाजेवरून हे बघून म्हणाला, "सूनबाई, तुज्या मागं हाय की. म्हातारपनी मला दिसतंय, तुला दिसंना व्हय?" मनिषा म्हणाली, "गप बसा मामा, डाव मोडताय." तेव्हा संस्कृती खुदकन हसली. परत आल्यापासून मनिषानं पहिल्यांदा ते हसणं ऐकलं.

मग ती एक पाऊल लांब लपू लागली. मग गाईच्या आडोशाला. आखाड गेला, पोळा झाला, गणपती बसले, तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन श्वास धरून बसायची. आजीच्या पदराखाली शिरायची आणि आजी "माज्यापाशी कुनी न्हाई बया" असं खोटं सांगताना पोट हलवून हसायची. अंगणवाडीत आता ती रस्त्याकडं पाठ करून ठोकळे रचते, असं सायराताईनं रस्त्यातच थांबवून सांगितलं. मनिषाला त्या दिवशी कापूस वेचताना गाणं सुचत होतं.

नवरात्रात एका सकाळी संस्कृती म्हणाली, "आता माज्यावर डाव."

ती भिंतीकडं गेली. त्याच भिंतीकडं. तळवे डोळ्यांवर ठेवले, पण बोटं फाकवून एकदा मागं बघितलं. मग मिटली. "एक, दोन, तीन, चार..." आता तिला वीसपर्यंत येत होतं. मनिषा जेमतेम दाराच्या फळीआड गेली असेल.

"येऊ का?"

"ये, ये! लपले, ये!" मनिषा इतक्या घाईनं ओरडली की तिला शोधायचं काही उरलंच नाही. पोरगी येऊन धडकली आणि रुसली. "नीट लप की गं. आसं नस्तंय."

त्या दिवशी कण्या नीट करता करता छबुबाई हळूच म्हणाली, "बरं झालं बाई. पोरगी खेळाया लागली. मला घोरच लागला व्हता, औंदा कसं करायचं. आता गाडी आली की..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. तिच्या आवाजात नुसता सुटल्याचा निःश्वास होता.

मनिषाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "न्हाई, आत्याबाई."

"मग? चाकाखाली घालायची का तिला?"

दिवाळी झाली की निघायचं, असा शब्द राधाकिशननं मुकादमाला कधीच दिला होता. मनिषानं दोन दिवस नुसता डाव खेळून काढले. तिसऱ्या दिवशी संस्कृती टाकीमागं लपलेली असताना ती जाऊन तिच्याशेजारी बसली.

"दिवाळी झाली की गाडी येनार हाय बाय. मी आन तुजा बाप जानार."

"कावून?"

"ऊस तोडायला."

"आन मी?"

"तू आजीपाशी."

पोरगी बराच वेळ टाकीचं गळणारं पाणी बोटानं पसरवत राहिली. मग म्हणाली, "लपून जानार?"

"न्हाई. तुज्यासमोर जानार."

त्या दिवशी संस्कृतीनं डाव पुरा केला नाही. दुसऱ्या दिवशी खेळायला आली नाही. पुन्हा ती आईच्या मागं, पुन्हा पदराचं टोक मांडीखाली. अंगणवाडीत पुन्हा उंबऱ्यात. चार महिने पाऊल पाऊल करून लांब गेलेली पोर एका बोलण्यात परत पाठीला येऊन चिकटली.

"बघ," छबुबाई म्हणाली. "सांगून काय मिळवलंस? हसत्या-खेळत्या लेकराला दावं लावलंस."

मनिषा सायराताईकडं गेली. तिथं मात्र तिचा बांध फुटला. "सांगितलं की बरं हुईल म्हनला व्हता तुमी."

"बरं हुईल आसं न्हाई म्हनले." सायराताईनं तिला पाणी दिलं. स्वतःही घोटभर प्याली. "खोटं न्हाई हुयाचं, येवढंच म्हनले. बाकी माज्याबी हातात काय न्हाई."

गाडी सकाळी आली. संस्कृतीला कुणी भिंतीकडं वळवलं नाही. मनिषानं तिला कडेवर घेऊनच सामान चढवलं. मुकादम भोंगा वाजवायला लागला तेव्हा तिची मान गच्च धरलेले हात सोडवावे लागले, एकेक बोट करून. छबुबाईनं पोर ओढून घेतली तर ती आजीच्या दंडाला कडकडून चावली. "मला ने! मला ने!" तिची चड्डी ओली झाली. शेजारच्या बायांनी तोंडं फिरवली. सटवा म्हातारा बाजेवरून उठून घरात गेला.

मनिषा फळीला धरून उभी राहिली, पोरीकडं तोंड करून, दिसेनासं होईपर्यंत. बसली नाही, डोळे पुसले नाहीत, पदरात तोंड घातलं नाही. पोरगी बघत होती, म्हणून.

गेवराई मागं पडल्यावर राधाकिशन म्हणाला, "मागल्या साली कशी गुमान ऱ्हायली व्हती. काय मिळवलं आसं करून?"

"मागल्या सालीबी रडलीच आसंल," मनिषा म्हणाली. "आपुन न्हवतो ऐकायला."

राधाकिशननं मान फिरवली. त्याचं तोंड बाहेर होतं आणि वारं काही इतकं नव्हतं की डोळ्यांना पाणी यावं.

आठवडाभरानं फडात दुपारच्या भाकरीला बसले असताना छबुबाईचा फोन आला. पोरगी जेवत नव्हती, आता थोडी खाते. रात्री दचकून उठते. कणगीत मात्र बघत नाही. आजीचा दंड सुजला होता, उतरलाय. मग छबुबाई म्हणाली, "थांब, ही मागतीया फोन."

मनिषानं हातातली भाकर खाली ठेवली. पलीकडून नुसता श्वास येत होता.

"बाय?"

"तू गेलीस."

"व्हय बाय, गेले."

"मी बघितलं."

त्या आवाजात माया नव्हती. चोर पकडावा तसा तो आवाज होता. मनिषानं "व्हय" म्हटलं. पलीकडं फोन ठेवला नव्हता. राधाकिशन भाकरीचा घास हातात धरून तिच्याकडं बघत होता. मोळ्या भरायला मुकादमाची हाक आली, पुन्हा आली, तरी मनिषा फोन कानाला लावून पाचटावर बसून राहिली, त्या श्वासाला श्वास देत.