सोल फार लांब आहे

माझ्या आईच्या लेखी सोल म्हणजे जगाचं दुसरं टोक. लग्नाआधी ती एकदाच आमचं जेजू बेट सोडून पलीकडे गेली, बोटीने, रात्रभर ओकत. तेव्हापासून बेटाबाहेर जायचं म्हणजे असंच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि तेग्यूदादाने, माझ्या सोलवासी भावाने, ते कधी निघू दिलं नाही.

बाबांच्या श्राद्धाला दर वर्षी त्याचा फोन. "आई, अख्खा दिवस जातो गं यायला. पाठ धरते माझी."

एवढं ऐकलं की आई विरघळली. "राहू दे बाळा, मध्ये समुद्र आहे."

आई बेटाच्या उत्तरेला, मी दक्षिण टोकाला. डोंगर ओलांडून बसने यायचं, मासे भाजायचे, धिरडी काढायची आणि ऐन वेळी मागे जाऊन उभं राहायचं. बाबांसाठी पेल्यात दारू ओतायचा मान मुलाचा. मुलगा येत नाही, तर चुलतभाऊ दोंगसू उसना आणायचा. तो ओतायचा, सगळ्यात मोठा मासा खायचा आणि जायचा. मला उशीर झाला तर मात्र आईचं ठरलेलं, "तुला काय गं धाड भरली? तू तर इथल्या इथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सोलचं विमान तासाभरात येतं, माझ्या बसला त्याहून जास्त वेळ लागतो. हे सांगितलं की म्हणायची, "सख्ख्या भावाचा हेवा करू नये."

या वसंतात दादाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी आईला जन्मात पहिल्यांदा विमानात बसवलं. तिने शिदोरी बांधून घेतली होती. भाताच्या वळकट्या, उकडलेली अंडी, संत्री, शिवाय ओकायला पिशव्या. "वाटेत काही मिळत नाही," म्हणाली.

विमान उडालं. पेल्यातून रस आला, तो तिने पुरवून पुरवून प्यायला. तेवढ्यात खाली इमारती दिसायला लागल्या.

"हे कुठलं गाव?"

"सोल."

"आता इथून पुढे कशाने जायचं?"

"पुढे कुठे, आई? पोचलो आपण."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली.

विमानतळावर दादा पुढे आला. "दमलीस ना, आई? केवढा लांबचा प्रवास."

आईने शिदोरी त्याच्या हातात दिली. गाठसुद्धा सुटली नव्हती. "भूक लागायलाही वेळ मिळाला नाही रे."

दादा माझ्यावर डोळे वटारायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "सोल मी नाही ओढून जवळ आणलं."

वाटलं, आता तरी त्याला लाज वाटेल. कसली लाज? शरद ऋतूत श्राद्ध आलं आणि फोनही आला. अख्खा दिवस, पाठ, सगळं तेच. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

"हो बाळा, समुद्र आहे ना मध्ये," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दोंगसू हात धुऊन पुढे सरसावला.

"तू बस," आई त्याला म्हणाली. "मासा मिळेल तुला." मग माझ्याकडे वळली. "ओकसुन, इकडे ये. तू ओत."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आज सगळ्यात लांबून तूच आलीयेस."

मी पुढे झाले आणि ओतली.