मोठ्यानं, मास्तर

“मास्तर, अजून थोडं चिडा की,” हात आडवे पसरून उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं. “मित्रांना सांगून आलोय मी.”

मास्तरांनी त्याच्या पोटाभोवती टेप नेली, आकडा पाहिला आणि समोर बघितलं. सूनबाई मोबाईल धरून उभी होती. तिनं डोळ्यांनी खूण केली.

“बेचाळीस!” मास्तर गरजले. “कंबर बेचाळीस, आणि पँट हवी छत्तीसची? मधले सहा इंच काय घरी ठेवून आलास?”

दुकानात हशा पिकला. गिऱ्हाईक इतकं खूश झालं, की मास्तरांशी हात मिळवून, चार जणांकडून फोटो काढून घेऊन तसंच निघून गेलं. पँट शिवायला टाकायची राहिली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. पुढचा माणूस आधीच हात पसरून उभा होता.

आता खरं सांगायचं, तर चिडणं हा मास्तरांचा पिंडच नव्हे. घरात मीठ हवं असलं तरी ते मागताना यांचा जीव वर-खाली व्हायचा. आणि मापाच्या बाबतीत तर त्यांचा रिवाजच निराळा होता. बाकीच्या दुकानांत शिंपी टेप लावून आकडे ओरडतो आणि दुसरा लिहून घेतो. छाती इतकी, पोट इतकं, साऱ्या गल्लीला कळतं. मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचं माप तोंडानं उच्चारलं नव्हतं. टेप लावायची, बघायचं, पाठ वळवायची आणि पेन्सिलीनं स्वतः लिहायचं. त्यांना काम शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “अंग ज्याचं, आकडा त्याचा. आपण फक्त कापड कापायचं.” त्यामुळे कुणाचा एक हात आखूड, कुणाच्या पाठीला पोक, कुणाचं दुखण्यानंतर निम्मं झालेलं अंग, असली सगळी माणसं लांबून लांबून याच दुकानात यायची. इथून बाहेर पडताना ती चारचौघांसारखी दिसायची, आणि का दिसतात ते मास्तरांशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं.

पण तयार कपड्यांची दुकानं वाढली तसं हे गिऱ्हाईक रोडावलं. त्यात मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडला. तेव्हा सूनबाईनं पदर खोचला. मोबाईलवर दुकानाचं पान उघडलं, काजांचे, दुमडींचे, अस्तराचे सुरेख फोटो टाकले. अकरा जणांनी पाहिले, त्यातले चार घरचेच. मग एक दिवस ती काज करतानाचा व्हिडिओ काढत होती, आणि एक आडदांड गृहस्थ तीच पँट चौथ्यांदा परत घेऊन आला. दर वेळी छत्तीसचाच हट्ट त्याचा, आणि वर म्हणतो काय, तुम्ही कापड चोरता. मास्तरांचा आयुष्यात पहिल्यांदा तोल गेला. गेला तो असा गेला, की त्याच्या कंबरेचा आकडा रस्त्यापर्यंत ऐकू गेला. सूनबाईला हसू आवरेना. तिनं गंमत म्हणून ते टाकलं, आणि सकाळपर्यंत लाखभर लोकांनी बघितलं. ‘चिडका मास्तर’ हे नाव पडलं ते असं.

पहिल्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागली. मास्तरांना वाटलं, उतरेल खूळ. ते काही उतरेना. एकदा त्यांनी सुनेला सांगून पाहिलं, की मला हे झेपत नाही, आपण पुन्हा काजं दाखवू. तिनं बिचारीनं ऐकलं. आठ दिवस काजं दाखवली. रांग आटली, दुकानात माशा घोंघावू लागल्या.

“बाबा, चार दिवस गोड बोललात तर मोबाईलवर आपण कुणाला दिसतच नाही,” ती म्हणाली.

“कोण ठरवतं हे?”

“कुणी नाही. ते आपोआप होतं.”

 हट्टी गिऱ्हाइकांशी मास्तरांनी जन्मभर डोकं लावलं होतं, पण ‘आपोआप’शी भांडायचं कसं आणि कुठे जाऊन? दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओरडले.

यातली खरी गोची वेगळीच होती. रांगेतली माणसं हसायला येत; निम्मी काही न शिवता जात, उरलेली कसलंतरी बटण लावून घेत, आणि त्या सुट्ट्या पैशांवरच घर चालत होतं. आणि ज्यांना शिंपी खरोखर हवा होता, ती माणसं दारावरून मान खाली घालून निघून जात. जिथे कंबर चव्हाट्यावर मांडतात तिथे पोक असलेला माणूस कशाला पाऊल ठेवील? मास्तरांना ती जाताना दिसायची. हाक मारावीशी वाटायची, पण समोर मोबाईल असायचा.

गणिताच्या बाई मात्र आल्या. त्यांच्याकडे साधा फोन. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढी गर्दी बघून त्यांना उलट आनंदच झाला. लहानपणी झाडावरून पडल्यापासून बाईंचा डावा खांदा उतरलेला. तीस वर्षं मास्तर त्यांच्या साडीवर घालायच्या कोटाच्या डाव्या बाजूला आतून कापसाची घडी घालत आले होते. हजारो पोरं बाईंच्या हाताखालून गेली. पोरांची नजर ती, कळलं असतं तर तिसऱ्या दिवशी नाव पडलं असतं. कुणालाही कळलं नव्हतं.

“शाळेला पन्नास वर्षं झाली,” बाई हळूच म्हणाल्या. “मला स्टेजवर बोलावलंय. जुने सगळे विद्यार्थी येणार. एक चांगला कोट करा.” त्यांनी पिशवीतलं कापड टेबलावर ठेवलं.

मास्तरांना किती दिवसांनी खरं काम मिळत होतं! त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिनं लगेच मोबाईल खाली ठेवला. मास्तर टेप घेऊन बाईंच्या मागे गेले. सकाळपासून त्यांनी चौदा जणांची मापं ओरडली होती. त्यांनी टेप खांद्याला लावली, आकडा पाहिला, आणि तोंड आपलं आपणच उघडलं.

“डावा खांदा दीड इंच खाली! कापूस भरू का उशीच शिवून देऊ?”

रांग खो खो हसली. मग रांगेतली एक बाई मोबाईल वर धरूनच म्हणाली, “अगं बाई, या तर आमच्या गणिताच्या बाई!”

मास्तरांनी टेप खांद्यावरून काढून घेतली.  बाईंनी पसरलेले हात सावकाश खाली घेतले. “राहू द्या,” एवढंच म्हणाल्या. टेबलावरच्या कापडाची त्यांनी नीट चौपदरी घडी केली, पिशवीत ठेवली आणि त्या गेल्या.

सूनबाई रांगेतल्या एकेकासमोर हात जोडत फिरली, पुसून टाका म्हणाली. दोघांनी पुसलं. तिसऱ्याकडून आधीच पुढे गेलं होतं. संध्याकाळी तिनंच ते मास्तरांना दाखवलं आणि रडायला लागली.

“मी नाही टाकलं, बाबा.”

“माहीत आहे गं,” मास्तर म्हणाले. तिचा दोष नव्हता. ओरडले होते ते स्वतः.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाईंच्या घरी गेले. जिन्यात दोनदा थांबले, वाक्यं जुळवली. बाईंनी दार उघडलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखा पूर्ण वेगानं फिरत होता, आणि बाईंनी जाड शाल दोन्ही खांद्यांवरून गळ्यापर्यंत लपेटून घेतली होती. तीस वर्षांत त्यांनी मास्तरांपासून खांदा लपवला नव्हता. साऱ्या जगात तेवढी एकच जागा होती त्यांना.

 जुळवलेल्या वाक्यांपैकी मास्तर एकच म्हणाले, माझं चुकलं.

“असू द्या, मास्तर. पाणी आणू?” बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “कार्यक्रमाला नाही जाणार मी. तब्येतीचं कळवलंय.”

“कोट मी शिवून देतो, बाई. माप नको घ्यायला. मला पाठ आहे.”

“आता सगळ्यांनाच पाठ आहे ते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शाल आणखी थोडी ओढून घेतली.

जिना उतरताना सुनेचा फोन आला. लोक खोळंबलेत, दोघं तर पार दुसऱ्या टोकाहून आलेत, काय सांगू त्यांना? तिचा आवाज चाचरत होता. परत पाठव त्यांना, असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण घरी बसलेला मुलगा डोळ्यांसमोर आला, माशा घोंघावणारे ते आठ दिवस आठवले. येतो म्हणाले.

दुकानात एक जाडजूड तरुण हात पसरून, हसत, तयारीत उभा होता. चार-पाच मोबाईल वर झाले. मास्तरांनी त्याच्या पोटाभोवती टेप नेली, आकडा पाहिला, आणि इतक्या हळू पुटपुटले, की तो त्या तरुणालाच काय तो ऐकू गेला. क्षणभर त्यांना बरं वाटलं.

“मास्तर, ऐकू नाही आलं,” मागून कुणीतरी म्हणालं. “मोठ्यानं.”

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मग त्यांनी तो आकडा पुन्हा सांगितला. रस्त्यापर्यंत ऐकू गेला.