बटण बाबांच्या हातात होते

मित्रांनो, टेनिस क्लबच्या मागच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाआड जे धूळ खात पडले आहे ते मी. चेंडू फेकणारे एक जुने यंत्र.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काही और होता. डोक्यावर चेंडूंची टोपली, पोटात उलटसुलट फिरणारी दोन रबरी चाके. क्लबच्या प्रशिक्षकांनी मला आणले ते आपल्या मुलीसाठी. तिला सगळे चिमणी म्हणत. रॅकेट तिला पेलत नव्हती, पण माझा एकही चेंडू ती वाया जाऊ देत नसे. चुकली की रडायची आणि नाक पुसत पुन्हा माझ्यासमोर उभी राहायची.

चिमणी मोठी झाली, शाळा संपली आणि ती व्यावसायिक खेळाडू झाली. पहिल्याच वर्षी तिने दोन स्पर्धा जिंकल्या. लोक म्हणाले, "पोरीनं नाव काढलं." बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुलून गेलो.

पुढच्या वर्षी ती पहिल्याच फेरीत हरू लागली. बाबांनी माझा वेग वाढवला. एका सकाळी तिने मध्येच रॅकेट डाव्या हातात घेतली.

"बाबा, मनगट दुखतंय. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे."

"डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात. स्पर्धा तोंडावर आलीय. पट्टी बांध."

"रॅकेट धरली की कळ येते."

"मोठं व्हायचं तर दुखणं अंगावर काढावं लागतं, चिमणे."

तिने पट्टी बांधली. थोड्याच वेळात माझ्या चाकातून खरखर आली. बाबांनी मला लगेच बंद केले, उघडले, तेल घातले. "असंच रेटलं तर निकामी होईल," ते म्हणाले. चिमणी बाकावर बसून बघत होती. मी दुरुस्त झालो आणि तिला पुन्हा उभे राहावे लागले.

त्या स्पर्धेत भर सामन्यात तिच्या हातून रॅकेट गळून पडली, असे मी क्लबातल्या लोकांकडून ऐकले. शस्त्रक्रिया झाली, पण मनगट पुरते वळेना.

मग एकदा आई तिला घेऊन सामान न्यायला आली. चिमणी मावशीकडे राहायला निघाली होती.

"जाऊ दे थोडे दिवस," बाबा म्हणाले. "आल्यावर हळूहळू सुरू करू."

"तिचे केस मी विंचरते," आई म्हणाली. "कंगवा धरवत नाही तिला. तुम्ही कधी बघितलंत?"

चिमणी "येते" म्हणाली आणि गेली. ती परत आली नाही. बाबांनी मला इथे ढकलले, त्यानंतर त्यांनी कुणालाच शिकवले नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. माझी चाके बदलता येतात. पण तुमचे काही दुखत असेल तर सांगा, कुणी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आणि दुसरे कुणी सांगत असेल तर हातातले काम टाकून ऐका. चिमणीने सांगितले, ते मी ऐकले होते. मला थांबायचे होते. पण बटण बाबांच्या हातात होते.