चुलीवरच्या माळ्यावरची फिल्म

मी एक जुनी, काळी ठिक्कर पडलेली फिल्म आहे. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुम्हा माणसांवर माझा राग आहे.

ठाण्याच्या एका मोठ्या यंत्रातून बाहेर पडले तेव्हा मी देखणी होते. डोळखांबच्या काळूरामच्या रक्तात औषध सोडून त्याच्या पायांच्या रक्तवाहिन्या माझ्यावर उमटवल्या होत्या. उजव्या पायात पांढरी रेघ घोट्यापर्यंत सलग उतरत होती. डाव्या पायात ती गुडघ्याखाली तुटली होती. डॉक्टरांनी मला उजेडाशी धरून माझं कौतुक केलं आणि काळूरामला बजावलं, की विडी सोड, आठवड्यात ऑपरेशनला ये, येताना ही फिल्म आण. यंत्र चालवणाऱ्या आणि मला त्याच्या हातात देणाऱ्या हेतलताईंनी तर आचेपासून लांब ठेवायलाही सांगितलं होतं. ऐकतो कोण!

घरात ओल होती. काळूरामच्या बायकोने, रत्नाने, मला चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याच्या गाडग्याशेजारी ठेवलं. तिथे ओल लागत नाही, वाळवी लागत नाही. तिला वाटलं, जपलं. खालून रोज धग यायची आणि मी कडेकडेने काळी पडत गेले.

आठवडा उलटला. लावणी उरकली का जाव, असं म्हणत काळूराम चिखलात उभा राहिला. त्याच्या डाव्या पायात रक्तच नीट पोचत नव्हतं. संध्याकाळी पाय गारठून जायचा.

"वीट तापव गो," काळूराम एकदा म्हणाला. "शेकला का बरा वाटंल."

रत्नाने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळून तळव्याला लावली.

"चटका बसतो का?"

"नाय. अजून दाब."

बसत होता. त्याला कळत नव्हता. मी वरून बघत होते आणि नुसती जळफळत होते.

फोड आले, बोटं काळी पडली, तेव्हा कुठे दोघं मला घेऊन ठाण्याला धावली. डॉक्टरांनी मला उजेडाशी धरलं आणि खाली आपटलं.

"यात काही दिसत नाही. आणि पायाचं हे काय केलंत?"

"आमी दोन्ही जपलंच होतं, सायेब," रत्ना म्हणाली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर ती कशापासून जपायची, हे आधी विचारा; सांगितलं असेल तर ऐका. न विचारता केलेल्या मायेची मला चीड येते.

आता रत्ना मला चुलीपासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवते. माझ्याखाली मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या नव्या जोडातली डावी चप्पल आहे. तीही तिने जपून ठेवली आहे.